तव्याच्या बुडाचे दोन लाख ऐंशी हजार

एरंडोलच्या फाट्याजवळ हायवेला माझं गाड्या धुवायचं सेंटर आहे. गाडी धुवायला आलेला माणूस रिकामा असतो. त्याची गाडी रॅम्पवर चढलेली, त्याला पळून जाता येत नाही, म्हणून तो माझ्याशी बोलतो. आणि हल्ली सगळ्यांचं बोलणं एकच. "भाऊ, ती मोठी जीप घ्यायची म्हणतो. स्पेशल एडिशन घ्यावी का साधी? तुमच्याकडे आहे ना ती, पैसे वसूल होतात का?"

मी त्या माणसाकडे बघतो. माणूस बरा वाटला तर म्हणतो, साधी घ्या. नाही आवडला तर म्हणतो, स्पेशल घ्या, डोळे मिटून घ्या. या वर्षात मी सात जणांना स्पेशल घ्यायला लावली.

आता तुम्ही म्हणाल, हा कोण सांगणारा. बरोबर आहे. मी शाळेत तीन वर्षं गेलो, त्यातली दोन पहिलीत काढली. मास्तर वडलांना म्हणाले होते, याचं नाव हजेरीत नको, शाळेच्या सामानात लिहू, बाक आणि फळ्याच्या खाली. सही येते. गाडीतलं कळतं ते बाहेरून, पाण्याचा पाईप जिथवर पोचतो तिथवर. पण दोन लाख ऐंशी हजार रुपये जास्तीचे मी दिलेत. तेवढ्यात माणूस शिकतो.

मला एक साडू आहे. बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा. धुळ्यात कचेरीत कारकून आहे, खिशाला दोन पेन लावतो, एक लिहायचा आणि एक दाखवायचा. माझं लग्न झालं त्या दिवशी पंगतीत त्यानं मला विचारलं होतं, "पाहुणे, तुमचं शिक्षण?" मी म्हटलं, "चालू आहे." सगळे हसले, तो नाही हसला. तेव्हापासून आमचं पटत नाही. तो मला लपवून शिव्या देत नाही, मीही त्याला देत नाही. या एका बाबतीत आम्ही दोघंही प्रामाणिक.

सासुरवाडी यावलची. सासऱ्यांना सगळे आबा म्हणतात. केळीचं वावर, बोलणं कमी, डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला आणि ऑपरेशनला नको म्हणणारा माणूस. 'आहे'ला आमच्या एरंडोलकडे लोक 'शे' म्हणतात, त्यांच्याकडे 'हाये'. लग्नाला अठरा वर्षं झाली तरी मी 'शे' म्हटलं की सासरी कोणीतरी पदराआड हसतंच.

परवाच्या नाही, त्याच्या आधीच्या आखाजीला मोठी जीप पहिल्यांदा यावलच्या अंगणात आली. साडूची. काळी, चकचकीत, बोनेट एवढं उंच की साडू त्यामागे उभा राहिला तर खिशातल्या पेनांपासून वरचाच दिसत होता. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि जावई ओट्यावर बसून पत्ते कुटतात. मी टू-व्हीलरवर गेलो होतो, मागे बायको, बायकोच्या मांडीवर आंब्यांची पेटी. आम्ही उतरलो तेव्हा अंगणातले बठ्ठे, म्हणजे सगळेच्या सगळे, जीपला चिकटलेले. आमच्याकडे फक्त कुत्रं आलं, तेही आंब्यांसाठी.

दुपारी पत्त्यांचा डाव मोडल्यावर साडू म्हणाला, "पाहुणे, धुळ्याहून येताना फार धूळ बसली हो. तुमचा हात बसलेला आहे या कामात. जरा पाणी मारून देता का?"

ओट्यावर पंधरा माणसं होती. मला नाही म्हणता आलं असतं. पण मला एक घाण सवय आहे. माझी कोणी चेष्टा करायला लागला की मी त्याच्या आधी स्वतःची करतो, म्हणजे निदान पहिला नंबर माझा. मी धोतर नसताना धोतर खोचल्यासारखं केलं, म्हटलं, "चला, जावयाला सासरी काम मिळालं, आता हुंड्याचं बघू." सगळे हसले. मी विहिरीच्या मोटरचा पाईप घेतला आणि साडूची गाडी धुतली. चांगली धुतली. टायरच्या आतून धुतली. मला वाईट धुताच येत नाही.

साडूनं शेवटी दहाची नोट माझ्या खिशात घातली. "गंमत हो," म्हणाला.

वर झोक्यावर बायको बसली होती. ती खाली उतरली आणि घरात गेली. तिथून निघेपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. टू-व्हीलरवर मागे बसून यावल ते जळगाव नाही बोलली, जळगाव ते एरंडोल नाही बोलली. घरी आल्यावर चूल पेटवताना बोलली.

"माझ्या माहेरात तुम्ही गाडी धुतली."

"गंमत होती."

"गंमत त्याची होती. तुम्ही फक्त धुतली."

त्याच दिवशी पत्ते खेळता खेळता आबांनी जाहीर केलं होतं, पोराचं लग्न जमलं, मुलगी धुळ्याची, तुळशीचं लग्न झालं की बार उडवायचा, आणि नवरदेव मोठ्या जावयाच्या गाडीत बसून जाईल. पोरगा म्हणजे माझा मेहुणा, तीन भावंडांत शेवटचा. धुळ्याच्या मांडवासमोर नवरदेवाची गाडी थांबते, बँड वाजतो, विहीण ओवाळायला येते, आणि नवरदेवाच्या पुढच्या सीटवर स्टेअरिंग धरून कोण बसलाय ते दोन तालुके बघतात. मी ठरवलं, ते स्टेअरिंग माझं. बायको माहेरी ताठ मानेनं गेली पाहिजे. बायकोला विचारलं नव्हतं, पण ठरवलं तिच्यासाठी.

हायवे चौपदरी झाला त्यात आमच्या वावराची रस्त्याकडची पट्टी गेली होती आणि तिचे पैसे आले होते. सेंटरच्या मागे आमचं घर आहे, दोन खोल्या, वर पत्रा. जळगावचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. पत्र्याखाली दुपारी बसलं तर माणूस वरण-बट्टीतल्या बट्टीसारखा दोन्ही बाजूंनी शेकला जातो. बायकोचं म्हणणं होतं, आधी स्लॅब टाका. मग थोडं खाली आली. "घ्यायचीच असेल तर साधी घ्या. उरतील त्यात स्लॅब होईल."

मी शोरूमला गेलो तेव्हा खरंच साधीच घ्यायची होती.

विकणारा पोरगा टाय लावलेला, मला 'सर' म्हणाला. मला आयुष्यात सर म्हणणारा तो पहिला. तिथंच माझं अर्धं नुकसान झालं. तो म्हणाला, "सर, साधी तर कोणीही घेतं. ही बघा. मसल लूक." त्यानं एका गाडीवरचं कापड ओढलं. खाली तीच जीप, पण काळा रंग असा की त्यावर उजेड पडून परत येतच नव्हता. मॅट म्हणतात त्याला. बाजूनं लाल पट्टा, सीटला लाल शिलाई, आणि आत डॅशबोर्डवर हाताच्या पंज्याएवढी एक स्टीलची पाटी, तिच्यावर नंबर २१७.

"हा नंबर कशाचा?"

"सर, कंपनीनं मोजून पाचशे काढल्यात. त्यातली ही दोनशे सतरावी. जगात दुसरी दोनशे सतरा नाही."

"इंजिन?"

"तेच सर."

"ॲव्हरेज?"

"तेच."

"मग जास्तीचे पैसे?"

त्यानं टाय सरळ केला. "सर, फील."

मी घरी येऊन बायकोला फील समजावून सांगायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "तुम्हाला सर म्हणाला ना तो?" अठरा वर्षांत या बाईनं मला एकदाही पकडायचं सोडलं नाही.

शोरूमच्या पोरानं गाडी देताना एक कागद दिला आणि तोंडानंही सांगितलं, कारण मी कागद उलटा धरला होता. "सर, या रंगाला पॉलिश नाही. वॅक्स नाही. कंपाउंड नाही. घासायचं तर अजिबात नाही." मी त्याला हसलो. म्हटलं, बाळा, मी वीस वर्षं गाड्याच चमकवतो. तो म्हणाला, "म्हणूनच सांगतो सर."

लग्नाला आठ दिवस असताना मी जीप घेऊन यावलला गेलो. हॉर्न वाजवत गेलो. अंगणात लोक जमले. पण जवळ कोणी येईना. आबा ओट्यावरून उतरले, चालत आले, हात बोनेटवर फिरवला, बोटं नाकाशी नेली.

"धुतली नाही का रे?"

"आबा, रंगच तसा शे."

"असा कसा रंग. तव्याच्या बुडासारखा." मग घराकडे तोंड करून म्हणाले, "याची गाडी धूर पकडून आली वाटते."

मेहुणा, म्हणजे नवरदेव, मोबाईलवर फोटो काढत होता. त्याला आवडली. तो हळूच म्हणाला, "भाऊजी, मी याच्यातच बसणार. मी बोलतो आबांशी." माझी छाती तेव्हा केवढी झाली सांगता येत नाही. मसल लूक.

आणि तेवढ्यात सासू आली ताट घेऊन. नवीन गाडी पहिल्यांदा दारात आली तर तिची पूजा व्हायला पाहिजे. सासूनं कुंकू तेलात कालवलेलं. चांगलं घट्ट, तिळाच्या तेलात, म्हणजे पावसातही टिकावं. बोनेटच्या मधोमध तिनं स्वस्तिक काढलं, हातभर, आणि खाली हळदीचे दोन पंजे उठवले. प्रेमानं दाबून उठवले. मी नारळ फोडला. चाकाखाली लिंबू ठेवलं. मी काय म्हणणार होतो. साध्या गाडीवर असं स्वस्तिक मी हजार वेळा बघितलंय, दोन दिवसांनी माझ्याकडेच येतात लोक ते काढायला.

परत एरंडोलला येईपर्यंत त्या मॅटनं तेल पिऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी मारलं, गेलं नाही. शांपू लावला, गेलं नाही. कुंकू गेलं पण तेलाचा डाग राहिला, स्वस्तिकाच्या जागी स्वस्तिकाचं भूत. मला सांगा, ज्यानं वीस वर्षं डाग काढले, त्याचा हात कुठे जाणार? माझा हात माझ्या आधी कपाटाकडे गेला. कंपाउंडचा, म्हणजे घासून चमक आणायच्या मलमाचा डबा, मऊ कपडा, गोल गोल, गोल गोल. डोकं म्हणत होतं थांब. पण माझ्या डोक्याचं माझा हात कधी ऐकत नाही, आणि खरं सांगायचं तर त्यामुळेच आम्ही पोट भरतो.

डाग निघाला. कपडा उचलला तर खाली आरसा. जेवणाच्या ताटाएवढा गोल, लख्ख, आणि आजूबाजूला सगळा तवा. त्या गोलात मला माझं तोंड दिसलं, आणि वरचं टक्कल. गाडीला आणि मला एकाच जागी टक्कल.

बायको बाहेर आली. बोनेटकडे बघितलं, माझ्या डोक्याकडे बघितलं. "आता शोभता एकमेकांना," म्हणाली आणि आत गेली.

जळगावात एक चाचा आहेत, गाड्यांना रंग मारतात, हातात कसब असलेला माणूस. त्यांच्याकडे गाडी नेली. चाचांनी गोलावर अंगठा टेकवला.

"ये किसने किया?"

"एका गाढवानं."

"धुलाईवाला होगा."

"हो."

"अपने हाथ पे भरोसा रहता है ना ऐसे लोगों को," चाचा म्हणाले. मग मला कळेल असं समजावलं. या रंगाचा डबा कंपनीतून येईल, महिना दीड महिना लागेल, तोवर बोनेट तसंच. नाहीतर दुसरा रस्ता एकच. जसा हा गोल केला तशी अख्खी गाडी कर. मॅट मरेल, चमक येईल, दुरून एकसारखी दिसेल. जवळ कोणाला येऊ देऊ नको.

"म्हणजे साध्यासारखी दिसेल?"

"साध्यासारखी काय," चाचा म्हणाले, "साधीच म्हण."

चार दिवस मी सेंटर बंद ठेवून माझीच गाडी घासली. दरवाजे, मडगार्ड, टप. मशीन फिरवताना बाजूचा लाल पट्टा सुटून आला, तो मी गुंडाळून ठेवला. जितकी चांगली चमकवावी तितकी ती साडूच्या गाडीसारखी होत गेली. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी लांब जाऊन बघितलं. सांगतो, वीस वर्षांत माझ्या हातून एवढं चांगलं काम झालं नव्हतं. शोरूमच्या साध्या गाडीहून जास्त साधी झाली होती.

लग्नाच्या सकाळी यावलला पोचलो. अंगणात साडूची जीप आधीच उभी. मी माझी तिच्या शेजारी लावली. साडू दोन्ही गाड्यांभोवती फिरला. तो मूर्ख नाही, हेच तर वाईट आहे.

"पाहुणे, ऐकलं होतं तुमची काहीतरी स्पेशल आहे."

"आहे."

"कुठे आहे?"

मी दार उघडून आतली पाटी दाखवली. त्यानं वाकून वाचली. "दोनशे सतरा. बरं. म्हणजे तुमच्याआधी दोनशे सोळा जण फसले." मग तो अंगणात सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "या घरात शब्द दिलेला बदलत नाहीत. नवरदेव माझ्या गाडीत. तुम्ही मागून भांडी आणा."

मेहुणा माझ्याकडे बघत होता. त्यानं आबांशी बोलून पाहिलं होतं, आबांनी ऐकलं नव्हतं. मी काहीतरी विनोद केला. काय केला आठवत नाही, कोणी हसलं नाही.

आता पुढचं जे झालं त्यात माझा हात नाही, फक्त तोंड आहे, जे मी बंद ठेवलं. फुलवाला फैजपूरहून आला. त्याला सांगितलेलं होतं, काळी जीप. अंगणात दोन काळ्या जिपा, त्याला माझी जवळ पडली. साडू तेव्हा आत फेटा बांधून घेत होता, आणि साडूला फेटा मनासारखा बसायला तीनदा सोडावा लागतो. मी ओट्यावर चहा घेत बसलो होतो. माझ्या डोळ्यांसमोर फुलवाल्यानं माझ्या बोनेटवर झेंडूची जाळी टाकली, मागच्या बॅजवर गुलाबांचा गठ्ठा बसवला, टपावरून माळा सोडल्या. मी म्हटलं नाही की भाऊ, ही ती नव्हे. मी म्हटलं, "चहा घे." एवढंच.

बँड सुरू झाला, नवरदेव बाहेर आला, बायकांनी त्याला सरळ फुलांच्या गाडीत नेऊन बसवलं. फुलं जिथे, नवरदेव तिथे. आबा त्याच्या शेजारी. माझी बायको करवली, हातात दिवा घेऊन त्यांच्या पलीकडे. मी धावत जाऊन स्टेअरिंगवर बसलो. साडू फेटा सावरत बाहेर आला आणि बघतच राहिला. एवढ्या बँडपुढे आणि बायकांपुढे त्याला ओरडता येईना. तो माझ्या खिडकीशी आला, दात आवळून म्हणाला, "धुळं येऊ दे. मग बघतो तुझ्याकडे." अठरा वर्षांत पहिल्यांदा त्यानं मला तू म्हटलं. मला ते फार आवडलं.

निघालो. यावल मागे पडलं, केळीच्या बागा मागे पडल्या. मागून आबांचा आवाज आला.

"मोठ्यानं तुले चालवाले देली का?"

मला आधी कळलं नाही. मग कळलं. आबांना दिसत नव्हतं कोणाची गाडी. काळी चमकते, फुलं आहेत, म्हणजे मोठ्या जावयाची. आणि मी तिचा ड्रायव्हर.

मेहुण्यानं तोंड उघडलं, मी आरशातून त्याच्याकडे बघून मान हलवली. त्यानं मिटलं.

"हो आबा," मी म्हटलं.

"बरं झालं. सांभायून चालव. दुसऱ्याची हाये."

भुसावळपर्यंत आबा गाडीची तारीफ करत होते. कशी मऊ जाते. सीट कशी आहे. काच चढवली की बँड बंद. "मोठ्याले अक्कल हाये. घेतली तर अशी घ्यावी. नाहीतर तुही ती, तव्याच्या बुडाची. कुठी ठेवली ती?"

"घरी आहे."

"राहू दे घरीच."

जळगाव गेलं. मी स्टेअरिंग धरून बसलो होतो, जे धरायला अडीच लाखाच्या वर जास्तीचे दिले होते, आणि बरोबर ड्रायव्हरसारखा बसलो होतो, पाठ न टेकवता. आरशात बायको दिसत होती. दिवा मांडीवर, नजर बाहेर. तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. ज्या बाईच्या तोंडावर काहीच नसतं तिची मला भीती वाटते.

एरंडोलचा फाटा आला. आमचं सेंटर आलं. रॅम्प, पाण्याची टाकी, मागे पत्र्याचं घर. सकाळी निघताना पत्रा उडू नये म्हणून मी वर ठेवलेले दगडसुद्धा दिसत होते.

"आबा," बायको म्हणाली, "ते घर दिसते का तुमाले?"

"मले कुठी दिसते."

"पत्र्याचं हाये. आमचं हाये. तिथी स्लॅब पडणार होता, तो या गाडीत गेला. ही गाडी आमचीच हाये. तव्याच्या बुडाची. यांनी घासली."

मी वेग कमी केला, का ते मला माहीत नाही.

"थांबव," आबा म्हणाले.

मी बाजूला घेतली, माझ्याच सेंटरसमोर. आबांनी दोन सीटांमधून पुढे वाकून डॅशबोर्ड चाचपला, पाटीवर बोटं थांबली. "हे काय?"

"नंबर आहे आबा. दोनशे सतरा."

"कैद्याले देतात तसा?"

मी रुमालानं पाटीवरची धूळ पुसली.

"मोठ्याच्या गाडीत आन हिच्यात फरक काय?"

"काही नाही आबा."

"मंग जास्तीचे कशाले देले?"

मी म्हटलं, "तुमच्या अंगणात मी त्याची गाडी धुतली होती, म्हणून."

आबांनी पाटीवरून हात मागे घेतला. मला वाटलं आता काहीतरी होईल, माझ्या बाजूनं. आबा म्हणाले, "धुतली होती ना, त्यात काय बिघडलं. तुहं कामच हाये ते." मग दार उघडून खाली उतरले. "मी शब्द देला मोठ्याले. चल रे पोरा."

साडूची गाडी मागेच होती, पुढच्या सीटवर मेहुणी, मागे पितळी भांडी. भांडी खाली उतरवून माझ्या गाडीत आली, नवरदेव आणि आबा साडूच्या गाडीत गेले. मेहुण्यानं जाताना माझ्या खांद्याला हात लावला, तोही मी झटकला. साडू खाली उतरला नाही. काच खाली करून त्यानं माझ्या सेंटरच्या पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि खिशातून आणखी एक दहाची नोट काढून दाखवली. त्यानं ती आणली होती बहुतेक मुद्दाम, एवढ्यासाठी. मी काय केलं असतं सांगत नाही, पण हातात पितळी घंगाळ होतं आणि बायको मध्ये उभी होती.

"तू पण जा," मी तिला म्हटलं. "करवली नवरदेवासोबत असते."

"तिकडे बहीण हाये." ती पुढच्या सीटवर येऊन बसली. दिवा पायाशी ठेवला. "चालवा."

"तूच सांगितलंस त्यांना."

"हो. मी सांगितलं. तुम्ही आयुष्यभर माझ्या बापासमोर ड्रायव्हर बनून हो आबा, हो आबा करणार होते? मूर्ख माणसाची बायको म्हणून राहीन. मोठ्या जावयाच्या ड्रायव्हरची बायको म्हणून नाही." मग थोड्या वेळानं, पारोळा आल्यावर, "स्लॅब तर गेलाच."

फाट्यावरून आम्हीच आधी निघालो होतो. वाटेत साडूनं मला ओलांडायचा प्रयत्न केला, तीनदा. मी तिन्ही वेळा मध्ये आलो. इंजिन तेच, तेही तिथंच सिद्ध झालं. त्याची बिनफुलांची गाडी नवरदेवाला घेऊन धुळ्यापर्यंत माझ्या मागे हॉर्न मारत आली, आणि माझी फुलांची गाडी घंगाळ आणि परातींना घेऊन पुढे.

मांडवाच्या गल्लीत बँडवाल्यांनी फुलं बघितली आणि सुरू केलं. फटाक्यांची माळ लागली. बायका ताट घेऊन धावल्या, नवरीची आई सगळ्यांत पुढे. काचेवर झेंडूच्या माळा, आत नीट दिसत नव्हतं. तिनं माझ्या बाजूचं दार उघडलं, वर न बघता कुंकवाचं बोट पुढे केलं आणि माझ्या कपाळावर लावलं. मग वर बघितलं. माझं टक्कल, शेजारी माझी बायको, मागे परातींचा ढीग. ताट तिच्या हातात तसंच राहिलं. गल्लीच्या तोंडाशी साडूचा हॉर्न वाजत होता, पण फटाक्यात कोणाला ऐकू येत नव्हतं.

मी उतरायला पाय बाहेर काढला.

बायकोनं माझं मनगट धरलं. समोर बघत, ओठ न हलवता बोलली.

"उतरू नका. दोन लाख ऐंशी हजार दिलेत. ओवाळून होऊ द्या."